संग्रहालयातल्या वस्तूंचे फोनवरून फोटो आणि व्हिडिओ: काच, मंद दिवे आणि फोनची अतिहुशारी

कोपऱ्यातला_दिवा

संग्रहालयात फोनने घेतलेले फोटो पाहिले की तेच चार दोष पुन्हा पुन्हा दिसतात. काचेत फोटो घेणाऱ्याचाच शर्ट. अंधाऱ्या दालनातली मूर्ती भर दुपारी काढल्यासारखी उजळ, आणि तिच्या कपाळावर, खांद्यावर पांढरे डाग. व्हिडिओत वरून खाली सरकणारे काळपट पट्टे. आणि चौथा दोष घरी आल्यावर कळतो: दोनशे फोटो आहेत, पण कुठलं लेबल कुठल्या वस्तूचं याचा पत्ता नाही.

अटी अशा धरू. दोन-तीन लेन्सचा साधा फोन. ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही, काचेला हात लावायचा नाही. फोटो अभ्यासासाठी हवेत, म्हणजे कोरलेलं अक्षर वाचता आलं पाहिजे आणि रंग बऱ्यापैकी खरा हवा. सोबत दहा-एक मिनिटांचा व्हिडिओ. या धाग्यावर जाणकारांनी नेमकं सांगावं. 'चांगला कॅमेरा घ्या' हे उत्तर नको.

काचपेटी

काचेपासून सुरुवात करतो, कारण निम्मे फोटो तिथेच बिघडतात.

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून, समोरून पडलेल्या प्रकाशाचा साधारण ४ टक्के भाग परत फिरतो. तावदानाला पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. आता हिशोब मांडा. पांढरा शर्ट अंगावर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के परतवतो. त्याचे ८ टक्के म्हणजे सुमारे साडेसहा. काचेमागची काळपट कांस्यमूर्ती स्वतःवरच्या उजेडातला जेमतेम ५ ते १० टक्के भाग परतवते. म्हणजे दोघांवर सारखाच उजेड असेल तर फोटोत शर्ट आणि मूर्ती जवळपास सारखेच ठळक येणार. काळा, बिनचमकीचा सदरा मात्र ४-५ टक्केच परतवतो, त्यामुळे त्याचं प्रतिबिंब अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. तेव्हा पहिला उपाय कपड्यांच्या कपाटात आहे.

पेटीसमोर गेल्यावर फोन लगेच वर करू नका. आधी नुसतं उभं राहून एकेक पाऊल डावी-उजवीकडे सरका आणि प्रतिबिंब नेमकं कशाचं आहे ते ओळखा: खिडकी, मागची उजळ पेटी, 'बाहेर'चा हिरवा फलक, की तुम्ही स्वतः. उगम आणि काच यांच्यामध्ये स्वतःचं अंग आणता आलं तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. खिडकी असेल तर वस्तूकडे किंचित तिरपं बघायची जागा शोधा. दहा-पंधरा अंशांनीसुद्धा खिडकी फ्रेमबाहेर जाते.

फोन काचेच्या जितका जवळ, तितका काचेचा कमी भाग लेन्सला दिसतो. दोन-तीन सेंटिमीटरवर आणला की फोनची सावलीच तेवढा भाग झाकते. टेकवायचा मात्र नाही. काही पेट्यांना कंपनावर वाजणारा गजर असतो, आणि लेन्सभोवतीची धातूची कड काचेवर चरा पाडू शकते.

इतक्या जवळून वस्तू फ्रेममध्ये मावत नसेल तर मागे या आणि काळं कापड वापरा. साधारण ४० बाय ४० सेंमी, मखमल किंवा जाड सुती, मधोमध लेन्सपुरतं ३ सेंमीचं भोक. फोनपुढे धरलं की हात, चेहरा, फोनची चकचकीत कड सगळं लपतं. चमकणारं सिंथेटिक कापड काही कामाचं नाही. स्क्रीनची ब्राइटनेसही खाली आणा: तो उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो आणि चेहरा काचेत उतरतो.

आता फोकस. बऱ्याच फोनमध्ये अंतर मोजायला अदृश्य प्रकाशाचा सेन्सर असतो. काचेवर तो फसतो, त्याला काच हीच वस्तू वाटते. परिणाम म्हणजे काचेवरचे बोटांचे ठसे सुरेख स्पष्ट आणि मागचं नाणं धूसर. वस्तूच्या ठळक कडेवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक झाल्याची खूण येईपर्यंत. तरीही भरकटत असेल तर तेवढ्याच अंतरावरच्या, काच नसलेल्या कशावर तरी लॉक करा आणि मग पेटीकडे वळा. प्रो मोड असेल तर फोकसची पट्टी हाताने सरकवणं सगळ्यात खात्रीचं.

तिरपी_नजर

काचपेटी यांनी पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा फिल्टर) कसा विसरला? फोनला चिकटणारे मिळतात. फिरवला की प्रतिबिंब गायब. एवढी कसरत कशाला?

काचपेटी

विसरलो नाही, मुद्दाम वगळला. पोलरायझर काचेचं प्रतिबिंब पूर्ण कापतो तो एकाच कोनात: काचेला लंब रेषेपासून सुमारे ५६ अंशांवर. म्हणजे इतकं कलतं बघायचं की मूर्तीचा चेहरा सोडून कानच दिसावा. समोरासमोर उभं राहिलात तर परतणारा प्रकाश ध्रुवीकृत (एकाच दिशेने कंप पावणारा) होतच नाही, फिल्टर कितीही फिरवा. ३०-४० अंशांवर थोडाफार फायदा होतो, एवढंच. आणि त्याची किंमत म्हणून दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आधीच मंद असलेल्या दालनात हे फार महाग पडतं.

तैलचित्राच्या व्हार्निशवरची चमक कापायला मात्र तो कामाचा आहे. तिथे बाजूला सरकून तिरपा फोटो घ्यायचा आणि चौकट नंतर ॲपमध्ये सरळ करायची. चित्र सपाट असल्यामुळे हे चालतं, मूर्तीला चालत नाही.

दोन सावधगिऱ्या. ॲक्रिलिकच्या पेटीवर पोलरायझर लावला की प्लॅस्टिकमधल्या ताणाचे इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात. आणि फिल्टर मुख्य लेन्सवर बसवलेला असताना फोनने गुपचूप दुसरी लेन्स निवडली तर फिल्टर नुसता शोभेला उरतो.

तिरपी_नजर

५६ अंशांचा मुद्दा मान्य. तरी तिरक्या झाकणाच्या टेबलपेट्या असतात (नाणी, हस्तलिखितं), तिथे वरून तिरपंच बघावं लागतं आणि छतावरचे दिवे नेमके त्याच कोनात येतात. त्या ठिकाणी पोलरायझर खिशात असावा, इतकं तरी म्हणू द्या.

काचपेटी

टेबलपेटीपुरतं अनुमोदन.

लक्सवाले

'गुपचूप दुसरी लेन्स' हा मुद्दा मोठा आहे, पण आधी उजेडाचं गणित बघू म्हणजे फोन असं का करतो ते कळेल.

कागद, कापड, जलरंग, लघुचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवायचा अशी संवर्धनातली रूढ मर्यादा आहे. तैलचित्रांना २०० च्या आसपास. दगड, धातू, मातीची भांडी यांना एवढं बंधन नसतं. आता ५० लक्समध्ये एफ/१.८ ची मुख्य लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत) आणि १/५० सेकंद शटर धरलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) साधारण ८०० लागतो. ठीक आहे, निभतं. तीच वस्तू एफ/२.८ च्या टेली (दूरचं मोठं दाखवणाऱ्या) लेन्सने घ्यायची तर आयएसओ २००० च्या घरात, आणि टेलीचा सेन्सर बहुधा लहान. त्यावर पोलरायझर चढवला तर ५००० च्याही पुढे. फोनला हे ठाऊक असतं, म्हणून तुम्ही ३एक्स दाबलं तरी तो मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करतो आणि पडद्यावर मात्र ३एक्स लिहितो.

ओळखायचं कसं? ३एक्सवर असताना टेली लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर ती लेन्स वापरातच नाही. वस्तू फार जवळ असली तरी हेच होतं, कारण टेलीला किमान अंतर जास्त लागतं. अशा वेळी मुख्य लेन्सने १एक्स किंवा २एक्सवर घ्या आणि नंतर स्वतः कापा. तेवढाच तपशील मिळतो, वर फोनने केलेली रंगसफेदी नसते.

मूर्ती भर दुपारची का दिसते, त्याचंही कारण सरळ आहे. चौकटीत बहुतेक भाग काळा पडदा आणि एक उजळलेली वस्तू. फोन सरासरी काढतो आणि सगळं वर उचलतो. वस्तूच्या सर्वांत उजळ भागावर लॉक करा, मग एक्स्पोजर -०.७ ते -१.३ पर्यंत खाली ओढा. चांदी, सोनेरी मुलामा, चकाकणारी लाख असेल तर -२ सुद्धा. सावलीतला तपशील नंतर उचलता येतो. जळालेला पांढरा डाग परत येत नाही.

नाइट मोड एक ते तीन सेकंद उघडा राहून अनेक फ्रेम एकत्र करतो. हात स्थिर असेल तर स्थिर वस्तूला चांगला. पण तो 'रात्र' पुसून टाकतो. दालनात मुद्दाम राखलेला अंधार हवा असेल तर बंद करा.

कोपऱ्यातला_दिवा

हात स्थिर ठेवायला काय करावं? ट्रायपॉड चालत नाही हे गृहीतच आहे.

लक्सवाले

कोपर बरगड्यांना चिकटवा, फोन दोन्ही हातांनी, पाठ खांबाला किंवा भिंतीला (पेटीला किंवा चित्राच्या भिंतीला नाही). शटर बोटाने न दाबता २ सेकंदांचा टायमर लावा किंवा वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण वापरा. अर्धा श्वास सोडून थांबा. स्थिरीकरण असलेल्या मुख्य लेन्सला १/२५ सहज जमतं, टेलीला १/६० च्या खाली जाऊ नका. प्रत्येक वस्तूचे सलग तीन फोटो. मधला बहुधा सगळ्यात कमी हललेला निघतो, कारण पहिल्याला दाबण्याचा धक्का असतो आणि तिसऱ्याला हात खाली घ्यायची घाई.

लेन्सपुसणी

दिव्यांभोवती धुरकट वलय येतं त्याचं कारण बहुतेक वेळा लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा असतो. दालनात शिरण्यापूर्वी मायक्रोफायबर. शर्टाचं टोक नको. एवढंच.

कोपऱ्यातला_दिवा

फ्लॅश बंदच ठेवतो. पण एका फ्लॅशने खरंच रंग उडतात का, हेही कुणी स्पष्ट करावं.

जुनाकागद

नुकसान मोजतात ते लक्स गुणिले तास असं. ५० लक्सचं दालन रोज ८ तास उघडं असेल तर दिवसाचे ४०० लक्स-तास त्या कागदावर साचतात, आणि ते परत फिरत नाहीत. क्षणभराच्या एका फ्लॅशचा त्यातला वाटा अगदी नगण्य. तेव्हा 'एका फ्लॅशने चित्र खराब होतं' हे खरं नाही. नियम तरीही रास्त आहे. गर्दीच्या चित्रासमोर फ्लॅश एक नसतो, दिवसभर चालू असतो. अंधाराला सरावलेल्या बाकीच्यांचे डोळे दिपतात. आणि पहारेकऱ्याने कुणाचा फ्लॅश सौम्य, कुणाचा कडक हे ठरवत बसावं अशी अपेक्षा नाही.

शिवाय फोटोच्या दृष्टीनेही तो वाईटच. काचेवर पांढरा गोळा येतो. समोरून पडल्यामुळे कोरीवकामातल्या सावल्या मरतात आणि शिल्प पत्र्यावर छापल्यासारखं सपाट होतं.

एक काळजी घ्या: फ्लॅश 'ऑटो'वर नको, स्पष्ट 'बंद'वर. काही फोन फ्लॅश बंद असतानाही फोकससाठी क्षणभर दिवा लावतात, ती सोय सेटिंगमध्ये वेगळी असते. व्हिडिओचा दिवाही वेगळा.

संथवाही

व्हिडिओचे काळे पट्टे.

विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. शटरचा काळ त्या लपलपीच्या पूर्ण पटीत नसेल तर काही ओळींच्या वाट्याला जास्त उजेड येतो, काहींच्या वाट्याला कमी. तेच पट्टे. म्हणून ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, आणि ६० ला १/६० किंवा १/१२०. ऑटोवर उजळ पेटीसमोर फोन शटर १/२४० पर्यंत नेतो आणि पट्टे उमटतात.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या फ्रेम, २५ ठेवा. आयफोनवर २५ चा पर्याय आपोआप दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'रेकॉर्ड व्हिडिओ'खाली पाल (२५ फ्रेमची जुनी टीव्ही पद्धत) फॉरमॅट दाखवण्याची कळ आहे.

लक्सवाले

किंचित दुरुस्ती. पट्टे जातात ते शटरमुळे, फ्रेमरेटमुळे नाही. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३० फ्रेम आणि १/५० शटर असेल तरी चित्र स्वच्छ येतं. उलट २५ फ्रेम ठेवून शटर चुकलं तर पट्टे नाहीसे होत नाहीत, नुसते एका जागी थांबतात. थांबलेले पट्टे छोट्या पडद्यावर लक्षात येत नाहीत आणि घरी मोठ्या पडद्यावर उघडे पडतात.

संथवाही

बरोबर. शटर हाताने ठरवता येत नसेल अशा फोनवरच २५ चा आधार घ्यायचा, असं वाचावं.

मंद केलेल्या एलईडीचं प्रकरण वेगळं. ते शेकडो ते हजारो वेळा चालू-बंद करून मंद केलेले असतात आणि त्यांचा विजेच्या वारंवारतेशी संबंध नसतो. तिथे शटर जितकं लांब तितके पट्टे फिके: २५ फ्रेमला १/२५ पर्यंत जा, कारण कॅमेरा संथ असेल तर हललेपण दिसत नाही. १२० किंवा २४० फ्रेमचं स्लो मोशन संग्रहालयात विसरा. शटर इतकं लहान होतं की प्रत्येक दिवा लुकलुकतो. कुठल्याही दालनात शिरल्यावर दहा सेकंदांची चाचणी घेऊन पांढऱ्या भिंतीवर पट्टे आहेत का बघा. भिंतीवर जे लगेच दिसतं ते काळ्या मूर्तीवर दिसत नाही.

बाकीचं भराभर:

- लेन्स बदलणं बंद. चित्रीकरणात झूम केलं की एका लेन्सवरून दुसरीवर उडी बसते, रंग आणि चौकट दोन्ही दचकतात. लॉकची सोय असेल तर वापरा, नाहीतर १एक्सवरच राहा आणि पायांनी जवळ जा.
- व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार पांढरं कशाला म्हणायचं ते) लॉक. नाहीतर पिवळ्या दिव्याखालच्या मूर्तीवरून खिडकीकडे वळताना रंग वाटेत बदलत जातो.
- एचडीआर (उजळ-काळोखाचा जास्त पल्ला साठवणारा) व्हिडिओ बंद. संपादनात किंवा दुसऱ्या पडद्यावर तो राखाडी, धुतल्यासारखा दिसतो, आणि मग दोष दिव्यांना दिला जातो.
- प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर तीन सेकंद स्थिर. हालचाल एकच: एक तर सरकणं, नाहीतर वळणं. मूर्तीच्या पायापासून मुकुटापर्यंत जायला किमान आठ सेकंद. स्वतःला असह्य संथ वाटलं म्हणजे वेग योग्य आहे.
- विमान मोड. मधेच फोन वाजला की चित्रीकरण तुटू शकतं.
- जागा: आयफोनवर ४के, ३० फ्रेम, एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मिनिटाला साधारण १७० एमबी. १०८०पीला ६० एमबी. दहा मिनिटांचा तयार व्हिडिओ म्हणजे ४०-५० मिनिटांचं चित्रण. ४केमध्ये साडेआठ जीबी मोकळे हवेत.

आवाज दालनात रेकॉर्ड करू नका. दगडी फरशी, उंच छत, मागे मुलांची सहल, आणि शेजाऱ्यांनाही तुमचं निवेदन नको असतं. दालनाचा नुसता गुंजारव ३० सेकंद वेगळा टिपून ठेवा. घरी पडदे-गाद्यांच्या खोलीत निवेदन बोलून त्याखाली तो हलका पसरवला की जोड कळत नाही.

ताम्रपट

कोरीव लेखांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अक्षर वाचता येतं ते सावलीमुळे. संशोधक बाजूने, पृष्ठभागाला घासून जाणारा प्रकाश टाकतात, पण तुम्हाला टॉर्च लावायची मुभा नसते. मग असलेल्या दिव्याची बाजू शोधायची. शिळेभोवती अर्धवर्तुळ फिरा. एका ठिकाणी अक्षरं अचानक उठून येतात. दिवा वरून असेल तर आडव्या रेघा उठतात आणि उभ्या बुजतात, म्हणून उभ्या दांड्यांसाठी दुसऱ्या बाजूचा उजेड मिळतो का बघा. खिडकी असलेल्या दालनात सकाळ आणि दुपार असे दोन संच घेतले तर एकात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं.

मोठा लेख एका फोटोत कोंबू नका. लेन्स पृष्ठभागाला समांतर ठेवून तुकड्या-तुकड्यांनी घ्या, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा. फोनचा पॅनोरामा मोड इथे घातक आहे: तो एका जागी वळण्यासाठी बनवलेला आहे, तुम्ही बाजूला सरकत गेलात की ओळी लाटेसारख्या वाकतात आणि जोडावर अक्षर दुभंगतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या झूमवर फोन तपशील टिपत नाही, रचतो. झिजलेल्या खाचेला तो स्वच्छ कड देतो, टवका आणि अनुस्वार यांतला फरक मिटवतो. वाचनासाठीचा फोटो रॉ म्हणजे फोनने फारशी प्रक्रिया न केलेल्या डीएनजी फाइलमध्ये घ्या, नाहीतर निदान १एक्सवर, शार्पनिंग आणि दृश्य ओळखण्याची सोय बंद करून. आयफोनचा ४८ मेगापिक्सेलचा प्रोरॉ (त्याचा रॉ प्रकार) ७५ एमबीच्या आसपास जातो, १२ चा २५. सगळ्या वस्तूंना नको, लेखाला हवाच.

ओळी उठाव्यात म्हणून पाणी शिंपडणं, खडू फिरवणं, बोटाने धूळ पुसणं यांतलं काहीही उघड्या शिळेवर करायचं नाही. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

धातुरस

+१, रचलेल्या तपशिलाबद्दल. नाण्यांना तर दुप्पट लागू.

नाण्याला जवळ जाताना फोन आपोआप मॅक्रोमध्ये जातो, म्हणजे अल्ट्रावाइड लेन्सकडे. तिचा सेन्सर लहान, कडा ताणलेल्या, आणि इतकं जवळ जावं लागतं की फोनची सावली नाण्यावर पडते. ऑटो मॅक्रो बंद करा, २०-२५ सेंमीवरून २एक्स घ्या. धातूचा फोटो एका जागेवरून होत नाही: थोडं डावीकडून, मधून, थोडं उजवीकडून असे तीन. चमक सरकते तसा मजकूर एकेका फोटोत उजळतो.

वर्तुळ

फोटो सॉफ्टवेअरने जुळवून मूर्तीचा त्रिमित (थ्रीडी) नमुना करायचा असेल तर थोडक्यात: चहूबाजूंनी फिरता येईल अशीच वस्तू निवडा. तीन उंचीवर तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत २०-२५ फोटो, शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सारखा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, लेन्स एकच, नाइट मोड बंद. काचेमागची वस्तू जमत नाही, कारण तुमच्याबरोबर प्रतिबिंबंही फिरतात आणि सॉफ्टवेअर तीच जुळवायला जातं. चकचकीत धातू आणि काचेची भांडी याच कारणाने फसतात. व्हिडिओतून फ्रेम काढण्याचा आळस करू नका. दाबलेल्या चित्रातले बारीक ठिपके नाहीसे होतात आणि जुळणीला तेच लागतात.

साध्या फोटोतही मूर्तीच्या चेहऱ्याला १एक्सने अर्ध्या मीटरवरून गेलात तर नाक फुगतं, कान मागे जातात. दीड-दोन मीटर मागे येऊन २एक्स किंवा ३एक्स. फोन मूर्तीच्या छातीच्या उंचीवर धरा, स्वतःच्या डोळ्यांच्या नाही.

जुनाकागद

नियमांबद्दल दोन शब्द, कारण 'फोटो चालतात' हा फलक अर्धवटच सांगतो. स्वतःपुरते फोटो, प्रकाशनासाठीचे फोटो आणि उत्पन्न देणारा व्हिडिओ या तीन वेगळ्या परवानग्या. त्याच इमारतीतलं तात्पुरतं प्रदर्शन वेगळ्या नियमाखाली असतं, कारण उसन्या वस्तूंचा करार मूळ मालकाच्या अटींवर होतो. पॅरिसच्या लूव्हरच्या कायम संग्रहात फ्लॅशविना खासगी फोटो चालतात. माद्रिदच्या प्रादोच्या दालनांत फोटोच घेऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयांनी २०१५ मध्ये सेल्फी स्टिक बंद केल्या. गिंबलला (फोन स्थिर ठेवणारा मोटरचा दांडा) बहुतेक ठिकाणी ट्रायपॉडच समजतात, तेव्हा दारातच विचारा.

वस्तू शेकडो वर्षांची असेल तर तिच्यावर स्वामित्वहक्क उरलेला नसतो, पण हयात कलाकाराच्या कृतीवर असतो. संग्रहालयाने फोटो घेऊ दिला म्हणजे कलाकाराने प्रसिद्ध करू दिला असं होत नाही.

आणि जाण्यापूर्वी संग्रहालयाचं संकेतस्थळ बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा मुक्त केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२ मध्ये खुली केली. त्या चित्रासमोर गर्दीत फोन उंचावून काय मिळणार? तुमच्या फोनने ते टिपा जे संकेतस्थळावर नसतं: मूर्तीची पाठ, भांड्याचा तळ आरशात दाखवलेला असेल तर तो, जोडाच्या खुणा, चौकटीची कड, शेजारच्या वस्तूच्या तुलनेत आकार.

तिरपी_नजर

शेवटचं वाक्य सोन्याचं. वाचनखूण साठवली.

कोपऱ्यातला_दिवा

लेबलांचा घोळ राहिला. आणि रंग खरे आहेत हे घरी कसं ठरवायचं?

ताम्रपट

लेबल आधी, मग वस्तू. नेहमी याच क्रमाने, एकदाही न चुकता. नंतर छोट्या चौकटींच्या यादीत लेबल हा दुभाजक होतो: त्यापुढचं सगळं त्याचं, पुढचं लेबल येईपर्यंत. पेटीत एकच लेबल आणि बारा आकडे असतील तर प्रत्येक वस्तूच्या फोटोत तिचा आकडा किंवा शेजारची वस्तू येईल असा एक फोटो जास्तीचा. दालन बदललं की दारावरच्या क्रमांकाचा फोटो, कारण छताखाली जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही. लेबलावर नोंदणी क्रमांक असेल तर तो वाचता येतो ना, हे जागेवरच मोठं करून बघा; वस्तूचं नाव बदलू शकतं, क्रमांकावरून ती परत सापडते. मापं लिहिलेली असतील तर तीच तुमची मोजपट्टी, पेटीत दुसरी ठेवता येत नाही.

लक्सवाले

रंगासाठी एक लहान राखाडी कार्ड जवळ ठेवा. वस्तूवर पडतो त्याच दिव्याच्या झोतात, पेटीबाहेर, एक फोटो. नंतर त्यावरून त्या पेटीचे सगळे फोटो सुधारता येतात. कार्ड नसेल तर लेबलाच्या पांढऱ्यावर भिस्त ठेवावीशी वाटते, पण लेबलं बरीचशी मलईच्या रंगाच्या पुठ्ठ्यावर असतात. त्यावर 'पांढरं' ठरवलंत की सगळा संच निळसर होतो. खिडकी आणि पिवळा दिवा दोन्ही एकाच वस्तूवर पडत असतील तर कुठलंच कार्ड पूर्ण न्याय देत नाही. वस्तूच्या मुख्य बाजूवर जो उजेड आहे तो धरा.

जुनाकागद

फोटो दुसऱ्याला पाठवताना मेसेजिंग ॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका. आकार घटतो, तारीख-वेळेचा तपशील गळतो आणि ताम्रपट यांनी सांगितलेला क्रमही विस्कटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

कोपऱ्यातला_दिवा

एक शंका: डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली एचईआयसी (आयफोन नेहमी देतो ती) फाइल समोरच्याच्या संगणकावर उघडत नसेल तर?

जुनाकागद

पाठवण्यापुरती जेपीईजी प्रत काढा, गुणवत्ता ९० च्या वर. मूळ एचईआयसी किंवा डीएनजी स्वतःकडे तशीच राहू द्या. आणि प्रतीच्या नावात नोंदणी क्रमांक घाला, फोनने दिलेलं नाव नको.